धड कशाचं करायचं?

प्रिय तू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज काल ओटा आवरता आवरता ऐकला. अर्धा वेळ तू तिथल्या पावसाला शिव्या देतेस आणि उरलेला अर्धा वेळ मांजराशी बोलतेस. माझ्या वाट्याला त्यातून एकच प्रश्न आला, ‘गिटारचं कुठवर आलं?’ तर बाईसाहेब, चहा घ्या आणि निवांत बसा. लेकीला व्हिडिओ कॉलवर ई मायनर तूच शिकवलास, ‘बघ, दोन बोटांत जग आपलं’ असं तूच तिला म्हणालीस, तेव्हा आता सगळं साग्रसंगीत ऐकावं लागेल.

ती अकरावीत गेल्यापासून इलेक्ट्रिक गिटारबद्दल बोलतेय ते मी तुला कळवलंच होतं. विकतची नको, घरी करायची. मान आम्ही तयार मागवलीय, मेपलची. पट्ट्यांमधली अंतरं केसभर हलली तर सूर जन्मभर भांडत राहणार, ते काम घरच्या पटाशीचं नाही. पण धड मात्र आमचं. आणि धड कशाचं करायचं या एका प्रश्नावर आमचं घर गेले कित्येक आठवडे नुसतं तापलंय. निवडणुकीत सुद्धा इतके पक्ष नव्हते आमच्याकडे.

सुरुवात सासूबाईंनी केली. लेकीने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खरा आकार बनवला, सोळा इंच लांब आणि तेरा रुंद. दोरी लावून गळ्यात अडकवला आणि आरशासमोर उभी राहिली. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाल्या, “पण याला भोक कुठाय? आवाज यायचा कुठून?” मग मी त्यांना सांगत बसले. तारा पोलादाच्या असतात. त्यांच्या खाली चुंबक, आणि चुंबकाभोवती तांब्याच्या अगदी बारीक तारेचे हजारो वेढे, हाच पिकअप. वर तार हलली की खाली वेढ्यांत वीज उमटते, आणि तीच अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. पोकळ पेटीची गरजच नाही. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे लाकूड नुसतं धरायला?”

तुला सांगते, इतका नेमका प्रश्न मी कुठे वाचला नव्हता. नुसतं धरायला! त्यानंतर मी जे जे वाचलं आणि ज्याला ज्याला भेटले, ते सगळं या दोन शब्दांच्या उत्तरासाठीच.

आधी तुझ्या लाडक्या मंडळींकडे जाते. 1940 च्या सुमारास लेस पॉलने काय केलं माहितेय? चार इंच बाय चार इंचाचा पाईनचा सरळसोट वासा घेतला, त्यावर मान, तारा आणि पिकअप बसवले. वाजला उत्तम. पण लोकांना तो गिटारसारखा दिसेना, म्हणून त्याने एक तयार गिटार मधोमध करवतीने कापली आणि तिचे दोन अर्धे या वाशाच्या दोन बाजूंना जोडले. त्या बाजूंचं काम काय? दिसणं. ‘लॉग’ म्हणायचे त्याला, म्हणजे आपला ओंडकाच. मग 1952 मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची गिटार काढली ती महोगनीची, वर मेपलचा थर. तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने 1949 साली पहिला नमुना केला तो पाईनचाच, आणि विकायला काढताना अ‍ॅश वापरलं. पुढे 1956 पासून स्ट्रॅटोकास्टरला बहुतेक अल्डर.

आता गंमत ऐक. तुझी ती निळी फेंडर अल्डरची आहे ना? ते रेड अल्डर तुझ्याच किनाऱ्यावरचं झाड आहे. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत ओढ्या-नद्यांच्या काठांनी वाढतं. जमीन खचली, जंगल तुटलं की तिथे आधी हेच उगवतं आणि मुळांवाटे मातीला नत्र देतं. ताजं कापलं की लाकूड नारिंगी-लाल पडतं. मागच्या शरदात तू नदीकाठचे फोटो पाठवलेस, त्यात तुझ्या मागे जी करड्या सालीची झाडं उभी आहेत त्यांच्याकडे जरा नीट बघ पुढच्या वेळी. तू गिटार घेऊन त्यांच्याजवळून जातेस आणि ओळखही देत नाहीस!

अ‍ॅशचं मात्र वाईट वाटलं मला. मिसिसिपीच्या खालच्या भागात पुराच्या पाण्यात उभी राहणारी अ‍ॅशची झाडं, त्यांचं बुंध्याकडचं लाकूड हलकं असतं, आणि गिटारवाल्यांना हवं असतं नेमकं तेच. पण आशियातून गेलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून तिथली अ‍ॅशची झाडं कोट्यवधींनी मेली. त्यात पूर वाढले, तोड अवघड झाली. 2020 मध्ये फेंडरने सांगितलं की आता नेहमीच्या गिटारींना अ‍ॅश नाही, मोजक्यांनाच. सत्तर वर्षं ज्या लाकडावर सगळं उभं होतं ते असं हातातून गेलं. लेकीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मग आपण आपलंच लाकूड घेऊ ना, आई.” तेव्हापासून ठरलं की धडासाठी बाहेरून काही मागवायचं नाही, जे इथे मिळतं त्यातच शोधायचं.

मग काय, वखारी पालथ्या घातल्या. सांगलीतल्या वखारवाल्यांना आम्ही आता पाठ झालोय. एक दादा तर आम्ही दिसलो की गल्ल्यावरूनच म्हणतात, “ताई, साग घ्या, डोळे झाकून.” साग खरंच गुणी आहे. वाळवी लागत नाही, आकार सोडत नाही. पण गिटार गळ्यात अडकवून दोन-दोन तास उभं राहायचं असतं, आणि इथे वजन बोलतं. लेकीने बसून हिशोब केला. पावणेदोन इंच जाडीचं धड म्हणजे साधारण साडेचार लिटर लाकूड. शिसवाचं केलं तर एकटं धडच साडेतीन किलोच्या वर. सागाचं पावणेतीन-तीन किलो. त्यावर मान, खुंट्या, पूल, सगळं लोखंड-पितळ. जॉर्ज हॅरिसनने 30 जानेवारी 1969 ला लंडनमधल्या गच्चीवर वाजवली ना, ती फेंडरची टेलिकास्टर शिसवाच्या जातीचीच होती. दिसायला काय देखणी! पण त्याचा खांदा त्याचा, माझ्या लेकीचा खांदा तिचा. शिवाय सागात तेल असतं, सांधा डिंकाला लवकर दाद देत नाही, आणि हत्यारांची धार खातो तो वेगळाच.

आंबा स्वस्त, पण कीड आणि बुरशी त्याच्यावर टपलेली. फणसावर माझा फार जीव होता. तंजावरच्या वीणा फणसाच्या असतात, आणि त्याचा तो हळदी रंग! पण हवी तशी वाळलेली, बिनगाठीची फळी मिळेना. कोकणातल्या आत्यांनी अख्खं झाड देऊ केलं. त्यांचं मन किती मोठं ते तुला माहीतच आहे, पण उभं झाड तोडून वाळायला ठेवायचं म्हणजे इंचाला एक वर्ष धरतात. तोवर लेक पदवीला पोहोचलेली असेल.

यात खरा कळस आमच्या झोपाळ्याने केला. सासऱ्यांनी एका रात्री जेवताना जाहीर केलं, “झोपाळ्याची फळी घ्या. साठ वर्षांचा साग आहे, हाडासारखा वाळलाय.” लेकीचे डोळे चमकले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताटावरून उठल्या, हात धुतले आणि झोपाळ्यावर जाऊन बसल्या. रात्री दहाला बसलेल्या, अकराला बसलेल्या. सकाळी चहाही तिथेच घेतला. दुपारी निवडायची मेथीसुद्धा तिथेच. संध्याकाळी सासरे हळूच म्हणाले, “राहू द्या, साग जडच पडतो.” तू असतीस तर हसून हसून त्याच झोपाळ्यावरून पडली असतीस. पण मला त्या फार बरोबर वाटल्या. जे लाकूड आपलं काम करतंय त्याला त्याच्या कामावर राहू द्यावं.

बाकी जुनं लाकूड म्हटलं की तुझा ब्रायन मे आठवतोच. 1963 मध्ये तो आणि त्याचे वडील दोघं मिळून गिटार करायला बसले. मान जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून कोरली. किड्यांनी पाडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. धडात जुन्या टेबलाचं ओक. सूर हलवायच्या दांड्याला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! लेकीने हे वाचलं त्या दिवशी माझा बटणांचा डबा गायब झाला, तो अजून मिळालेला नाही. त्याच गिटारने क्वीनची बहुतेक गाणी वाजली. आणि पाचगणीला सेंट पीटर्सच्या फाटकाशी तू आम्हा सगळ्यांना उन्हात उभं केलं होतंस, ‘इथे फ्रेडी शिकला, इथे त्याचा पहिला बँड झाला, दोन मिनिटं शांत राहा’ म्हणत. वॉचमनने हटकलं तेव्हा तू त्यालाच गाणं म्हणून दाखवलंस. लेकीला हा किस्सा इतका आवडतो की ती तो आता स्वतः तिथे असल्यासारखा सांगते.

तर शेवटी गाडी मिरजेला गेली. मला खरं तर आधीच सुचायला हवं होतं असं तू म्हणशील, पण थांब, वखारी पाहिल्या म्हणूनच मिरजेत काय विचारायचं ते कळलं. सतारमेकरांच्या गल्लीत तुला आठवतं ना, तुझ्या आईचा तंबोरा जवारीला टाकायला आपण जायचो? तशीच आहे ती गल्ली. दारात वाळत घातलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, आत दांड्या टांगलेल्या. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या कामात आली आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर चाचांना मी पुठ्ठ्याचा आकार दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि सासूबाईंचाच प्रश्न विचारला, भोक कुठाय! लेक माझ्याकडे बघून इतकी हसली की चाचाही हसायला लागले.

मग त्यांनी माळ्यावरून तूनच्या फळ्या काढल्या. तंबोऱ्याच्या दांडीला घेतात तेच लाकूड. लालसर, हलकं, बोटाने पुसलं तरी गोडूस वास येतो. आणि हे ऐक, तून महोगनीच्याच कुळातलं! कडुनिंबही त्याच कुळातला. लेस पॉलला जे हवं होतं त्याचं सख्खं चुलत भावंड आपल्याकडे शतकभराहून जास्त काळ सूर धरून उभं आहे. हिशोबाने धड भरतं सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे खांदाही खूश. चाचा म्हणाले, “बाकी काही बघू नका, वाळलंय का तेवढं बघा. ओलं लाकूड सूर खाली बसवतं.” आणि त्यांनी फळीच्या मध्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग टोकाला केलं, आणि दोन्हीकडे कान दिला. ते बघायला तू हवी होतीस.

इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तू दर वेळी म्हणतेस ना की लाकडाचा आवाज ऐकू येतो, अल्डर गोड, महोगनी जाड वगैरे? तंबोऱ्यात येतो, शंभर टक्के. तिथे लाकूड आणि भोपळा मिळूनच गातात. पण पिकअप ऐकतो ती तार. 1969 मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने पारदर्शक प्लास्टिकची गिटार काढली आणि कीथ रिचर्ड्सने ती वाजवली. डॅनेलेक्ट्रोवाले तर लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवायचे, आणि तसली एक जिमी पेजच्या हातात होती. तारा, पिकअप कुठे आणि किती उंच बसवला, अँप्लिफायर आणि तुझी ती दोन बोटं, आवाज मुख्यतः यातून येतो असं मला वाटतं. लेक तुझ्या पक्षात आहे. ती म्हणते प्रत्येक लाकडाचा जीव वेगळा. सासरे तबल्यावरचा कपडा काढत म्हणाले, “आधी बनवा, मग भांडा.”

पण म्हणून लाकूड ‘नुसतं’ धरतं असं नाही म्हणणार मी. सहा तारा सुरात लावल्या की त्यांची मिळून ओढ सुमारे 45 किलोची होते. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. ती ओढ सोसून जागचं न हलणं, पावसाळ्यात न फुगणं, स्क्रू घट्ट धरून ठेवणं, आणि तरीही गळ्यात जड न होणं, एवढं सगळं ते धरतं. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग नीट निवडा.”

फळ्या आणताना सिटी बसमध्ये कंडक्टरने अडवलं. “हे काय?” लेक म्हणाली, “गिटार.” तो फळ्यांकडे बघतोय, हिच्याकडे बघतोय. म्हणाला, “मग वाजव की.” सगळी बस हसली, आणि एका आजींनी खरंच विचारलं की तारा कधी लावणार.

घरी आणल्यावर लगेच कापायचं नाही असं चाचांनी बजावलं होतं. घराची हवा लाकडाला लागू द्यायची. त्यावर लेकीने शोधलेली युक्ती मला फार आवडली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दर रविवारी फळी वजन करायला न्यायची. सोबत सरावासाठी घेतलेली आंब्याची फळी पण. दुकानदारकाका तुरडाळ बाजूला सारून फळी काट्यावर ठेवतात आणि भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहितात. आंब्याचं वजन दर वेळी उतरतंय, म्हणजे पाणी अजून निघतंय. तूनचा आकडा मात्र हलत नाही. जिथे वजन थांबतं तिथे लाकूड वाळलेलं. आता काकांना इतका रस आलाय की रविवारी उशीर झाला तर त्यांचा फोन येतो.

परवा सांधा केला. तेरा इंच रुंद एकसंध फळी कोण देणार, त्यामुळे तुकडे जोडायचे. शेजारचे सुतारमामा आले होते. त्यांनी दोन फळ्यांच्या कडा रंध्याने तासल्या, इतक्या पातळ ढलप्या की त्यातून पेपर वाचता यावा. मग दोन्ही कडा एकमेकींवर उभ्या ठेवल्या आणि खिडकीकडे धरल्या. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. परत रंधा. परत खिडकी. लेकीला त्यांनी स्वतः बघायला लावलं, ती एक डोळा मिटून श्वास रोखून बघत होती. रेघ डाव्या टोकाला उरली होती, नखाएवढी. रंध्याचा एक अलगद हात, आणि गेली. मग डिंक, शिकंजे, आणि कडेने बाहेर आलेले डिंकाचे थेंब ओल्या फडक्याने टिपणं. पावसाळ्याच्या आत सांधा व्हायला हवा होता, झाला. घरभर तूनचा वास आहे. भुगा सासूबाईंनी तुळशीच्या कुंडीजवळ नेऊन ठेवलाय, कशासाठी ते विचारायचं धाडस अजून कुणी केलं नाही.

पुढच्या वर्षी ती शिकायला बाहेर जाईल. कुठे, ते तिच्या मार्कांवर आणि तिच्या बाबांच्या रक्तदाबावर. ही गिटार तिच्याबरोबर जाईल, होस्टेलच्या खोलीत, आपल्यासारख्याच कुठल्यातरी कॉटखाली. म्हणून मी हलक्या लाकडासाठी इतकी भांडले गं. तुला हे कळेल, बाकी कुणाला सांगत बसले नाही.

आता तुझं काम. आकारावर आमचं अडलंय. लेकीला टेलिकास्टरसारखी सपाट, सरळ कडांची हवी. मला वाटतं स्ट्रॅटला पाठीमागे पोटाजवळ जो खोलगट उतार असतो तो द्यावा. वाजवणाऱ्यांच्या बरगड्यांना सपाट गिटारची कड टोचायची म्हणूनच 1954 मध्ये तो आला. तुझी निळी पालथी घाल, सरळ पट्टी आडवी ठेव आणि तो उतार जिथे सगळ्यात खोल आहे तिथलं माप मिलिमीटरमध्ये कळव. कडेपासून किती आत सुरू होतो तेही. तुझं नेहमीचं ‘साधारण अंगठ्याएवढं’ चालणार नाही, सुतारमामा अंगठे मोजत नाहीत. हातापाशी वरून जो उतार आहे त्याचाही कागदावर छाप घे आणि फोटो पाठव. आणि मत दे, कुणाच्या बाजूने ते माझ्या लेकीला कळणार आहे, तेव्हा विचार करून.

मांजराला सांग मावशी रागावलीय, आईला जरा फोनवर बोलू देत जा म्हणावं. माप शनिवारपर्यंत हवं, रविवारी मामा करवत घेऊन येणार आहेत.

तुझीच,
मी